कोर्सची फी नेमकी कशासाठी भरायची?

पुण्यात कर्वेनगर, डेक्कन, वाकड, कुठल्याही चौकात मान वर केली की ‘फुल स्टॅक’, ‘डेटा सायन्स’, ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असे फ्लेक्स दिसतात, आणि फोन उघडला की तेच सगळं ऑनलाइन विकणाऱ्या जाहिराती सुरू होतात. चार-पाचशे रुपयांच्या रेकॉर्डेड कोर्सपासून दोन-तीन लाखांच्या ‘लाइव्ह बूटकॅम्प’पर्यंत प्रत्येक भावाचा माल बाजारात आहे. लातूरहून, नांदेडहून किंवा अगदी जुन्नरहून बी.एस्सी. नाहीतर बी.कॉम. करून आलेली मुलं आणि त्यांचे पालक यांना पडलेला प्रश्न साधारण एकच असतो: प्रोग्रॅमिंगचा कोर्स लावायचा का, आणि लावायचा तर कुठला? त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ही फी आपण नेमकी कशाची भरतो आहोत? धड्यांची, असं उत्तर येत असेल तर पैसे वाया जाण्याची शक्यता फार मोठी. धडे फुकट आहेत, आणि फुकटातले धडे पुष्कळदा विकतच्यापेक्षा सरस आहेत. धडे बाजूला काढल्यावर कोर्सवाल्याकडे विकण्यासारख्या चारच गोष्टी उरतात: काय आधी शिकायचं आणि काय नंतर याचा क्रम, ठरलेल्या दिवशी काम पुरं करायला लावणारा धाक, तुमचा कोड वाचून चुका दाखवणारा माणूस आणि कंपनीच्या दारापर्यंत पोचवणारी ओळख. यांतलं आपल्याकडे काय नाही हे ठरल्याशिवाय खिशात हात घालू नये.

धडे फुकट आहेत हे नुसतं म्हणून भागणार नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेल्या एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम शिकवतात. तो आठ आठवड्यांचा कोर्स बघायला आणि त्यातले गृहपाठ करायला पैसे पडत नाहीत. केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तर तेवढी हजार रुपयांच्या आसपास फी लागते. हार्वर्डचा सीएस५० हा प्राथमिक अभ्यासक्रम गृहपाठांसकट खुला आहे. फ्रीकोडकॅम्प ही संस्था २०१४ पासून ब्राउझरमध्येच कोड लिहायला लावून वेब डेव्हलपमेंट शिकवते आहे. पुस्तकं हवी असतील तर अप्पा बळवंत चौकात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात हमखास सापडतं, आणि सी भाषेचा पाया घालायला ते आजही पुरतं. नव्वदच्या दशकात गोष्ट वेगळी होती. घरी संगणक नव्हता, इंटरनेट नव्हतं, इंग्रजी पुस्तकं महाग होती. एनआयआयटी किंवा अ‍ॅपटेकमध्ये भरलेल्या फीत तेव्हा संगणकासमोर बसायचे तास मिळत, आणि ते तास दुसरीकडे मिळणं मुश्कील होतं. ती टंचाई संपून जमाना झाला, पण ‘कॉम्प्युटर शिकायचा म्हणजे क्लास लावायचा’ ही त्या काळातली समजूत घराघरात अजून टिकून आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: फुकटाला किंमत नसते, पैसे भरले की माणूस अभ्यास करतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याच्या बाजूने आकडे आहेत. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातली माहिती तपासून जस्टिन रीश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएन्ते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी कोर्स एकदाही उघडलाच नव्हता. २०१७-१८ मध्ये सगळ्या नोंदणीदारांपैकी कोर्स पुरा करणारे ३.१३ टक्के निघाले, तर प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होतं. तीन आणि शेहेचाळीस! एवढ्यावर कोणताही सेल्समन खूश होईल. पण आकडा दोनदा वाचायला हवा. पैसे भरणारी माणसं मुळातच शेवटपर्यंत जायचं ठरवून आलेली असतात; फीमुळे ती चिकाटीची झाली असं यातून सिद्ध होत नाही. आणि पैसे भरूनही निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स अर्धाच सोडला, हेही त्याच आकड्यात आहे. म्हणजे फीचा धाक थोडाफार असेल, पण तो एकट्याने पुरत नाही. शिवाय धाकाची फी टोचेल एवढी तरी हवी. साडेतीन हजारांची किंमत खोडून साडेचारशेला मिळालेला कोर्स कुणालाच टोचत नाही, आणि ती ‘आज शेवटचा दिवस’वाली सवलत पुढच्या आठवड्यातही असते. असे पाच-सात कोर्स विकत घेऊन एकही पुरा न केलेली मंडळी पुण्याच्या कुठल्याही आयटी कंपनीत टेबलागणिक सापडतील.

कोर्स पुरा झाला म्हणजे विद्या आली, असंही नाही. कारण बहुतेक रेकॉर्डेड कोर्सेसमध्ये ‘पुरा’ या शब्दाचा अर्थ व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, एवढाच असतो. मायकेल कारडास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये काही गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केले. भांडी न पाडता टेबलावरचा कपडा झटक्यात ओढायची युक्ती, डार्ट फेकणं, मूनवॉक अशा गोष्टींचे व्हिडिओ लोकांना पुन्हा पुन्हा दाखवले. जितके जास्त वेळा पाहिले तितका ‘आता मला जमेल’ हा विश्वास वाढत गेला. प्रत्यक्ष करायला सांगितल्यावर कौशल्य मात्र होतं तिथेच. रोडिगर आणि कारपिक यांचा २००६ मधला प्रयोग याहून साधा आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना ४२ टक्के मजकूर आठवत होता, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत अशी की पाच मिनिटांनी लगेच विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. व्हिडिओ बघून उठल्यावर वाटणारं ‘समजलं’ हे त्या पाच मिनिटांमधलं असतं. शिकवणारा माणूस चुकत नाही, अडखळत नाही, त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. आपणही त्याच्याबरोबर टाइप करत जातो, प्रोग्रॅम चालतो, आणि कोड आपण लिहिला असं वाटू लागतं.

हे जवळून बघायचं तर पुण्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असलेला एक हिशेब घ्या: मेसचं बिल. महिन्याचा दर ठरलेला, रोज दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद. गावी गेलात तर खाडे धरतात, पण सलग दोन दिवस नसलात तरच, आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच. आता याचा प्रोग्रॅम लिहायला बसा. दर भागिले दिवस, गुणिले खाडे, हे पाच ओळींत होतं, आणि पायथनच्या पहिल्या आठवड्यात एवढं कुणालाही येतं. मग भानगडी सुरू होतात. शनिवारी आणि सोमवारी जेवला नाहीत, रविवारी दुपारी फीस्टला आलात, तर ‘सलग’ तुटलं का? शनिवारी रात्री आणि सोमवारी दुपारी नव्हतात, मधल्या रविवारी रात्री मेसच बंद होती, तर ती बंद वेळ तुमच्या खाड्यात मोजायची की नाही? ३० तारखेला गेलात आणि २ तारखेला परत आलात तर खाडे कुठल्या महिन्याच्या बिलात? फेब्रुवारीत दराला कितीने भागायचं? मालकांनी वहीत ‘१ दिवस’ लिहिलंय आणि दुसरीकडे ‘२ वेळा’, तर ही माहिती साठवायची कशी? यातला एकही प्रश्न भाषेच्या व्याकरणाचा नाही. माणसांनी तोंडी पाळलेला नियम यंत्राला समजेल इतका नेमका करणं आणि ज्या शक्यता कुणी सांगितल्या नाहीत त्या आपण होऊन शोधणं, यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात, आणि हिंजवडीत पगार मिळतो तो याच कामाचा. ‘टू-डू अ‍ॅप’ बनवायला शिकवणाऱ्या व्हिडिओत हे सगळे निर्णय शिकवणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेले असतात. विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त टायपिंग येतं.

तेव्हा पैसे भरायचेच असतील तर सर्वांत आधी कशाला मोल द्यावं, तर तुमचं हे मेसचं बिल वाचून ‘फेब्रुवारीचं काय?’ असं विचारणाऱ्या माणसाला. विकत घेण्याजोगी दुर्मिळ वस्तू हीच आहे, आणि बहुतेक ऑनलाइन कोर्स नेमकी हीच देत नाहीत. दोनशे जणांच्या लाइव्ह वर्गात प्रश्न चॅटमध्ये वाहून जातात, आणि ‘डाउट सॉल्व्हिंग’ म्हणजे एरर कॉपी करून टाकल्यावर कुणीतरी दुरुस्त ओळ परत पाठवणं. त्यामुळे कोर्सवाल्यांच्या काउन्सेलरशी बोलताना एकच गोष्ट खोदून विचारावी: माझा कोड कोण वाचणार, आठवड्यातून किती वेळा, आणि लेखी अभिप्राय मिळणार का? चाचण्या आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर आहे, हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ते सॉफ्टवेअर फुकटातही मिळतं.

असा वाचणारा माणूस पुण्यात विनामूल्यही भेटतो, ही या शहरात असण्याची खरी कमाई. इथे लिनक्स वापरणाऱ्यांचा गट फार जुना आहे, पायथनवाल्यांच्या बैठका होतात, जावा, क्लाउड, डेटा अशा विषयांचे गट आहेत. बहुतेक बैठका शनिवारी एखाद्या कंपनीच्या कार्यालयात किंवा कॉलेजात होतात आणि प्रवेश विनामूल्य असतो. भारतभरातल्या पायथन प्रोग्रॅमर्सची पायकॉन इंडिया ही परिषद २०११ मध्ये मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरली होती, आणि २०१७ मध्ये पुण्याने स्वतःचं पायकॉन भरवलं. नवख्याने अशा ठिकाणी जाऊन मागे बसावं, भाषण निम्मं कळणार नाही हे धरून चालावं आणि चहाच्या वेळी एकाला आपला कोड दाखवावा. संकोच वाटतो, हे खरं. पण दहा वर्षं काम केलेला माणूस नवशिक्याची वीस ओळींची फाइल पाहायला सहसा नाही म्हणत नाही. कुणी पाहून नावं ठेवलीच, तर तीही फुकट मिळालेली शिकवणी समजावी. ऑनलाइन हवं असेल तर एक्सरसिझम या संकेतस्थळावर स्वयंसेवक विनामूल्य कोड तपासून देतात. थोडी तयारी झाल्यावर एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पात लहानशी दुरुस्ती पाठवावी. ती मान्य होण्यापूर्वी अनोळखी माणसं तुमच्या चार ओळींवर जी चर्चा करतात, तेवढं लक्ष लाखभराच्या कोर्समध्येही क्वचितच मिळतं.

मग फी भरून शिकणं मूर्खपणाचं का? मुळीच नाही, आणि याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅकचा ‘डॅक’ हा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम. अभियांत्रिकी, एमसीए अशा पदवीधरांसाठी सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा, मग सहा महिने पूर्णवेळ, सुमारे ९०० तास, सकाळी वर्ग आणि नंतर लॅब, दर विषयाला परीक्षा, शेवटी प्रकल्प आणि मग सगळ्या केंद्रांची मिळून प्लेसमेंट प्रक्रिया. फी लाखाच्या घरात जाते. पण हिशेब मांडला तर इथे क्रम आहे, धाक तर भरपूर आहे, कोड दाखवायला सोबत तितकीच झटणारी मुलं आहेत आणि कंपन्यांशी वर्षानुवर्षांचे संबंध आहेत. चारही गोष्टी कमीअधिक मिळतात. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेली ऑनलाइन पदवीही याच जातीची: धडे घरबसल्या, पण दर आठवड्याला गृहपाठ आणि परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, कुणाच्या तरी नजरेखाली. अर्थात इथेही पैसे भरणाऱ्यांच्या आकड्यांबद्दलची शंका लागू पडते. सी-डॅकच्या मुलांना नोकऱ्या लागतात याचं काही श्रेय शिकवण्याला आणि काही श्रेय सी-कॅटने आधीच केलेल्या निवडीला जातं. दोन्हीची फोड करता येत नाही, आणि विद्यार्थ्याला करायची गरजही नाही. मात्र जो कोर्स कुणालाही, कधीही, कार्ड स्वाइप केल्याबरोबर प्रवेश देतो, त्याने सी-डॅकच्या तोडीच्या प्लेसमेंटचा दावा केला तर भुवई वर जायला हवी.

प्लेसमेंटच्या आकड्यांबाबत तर आंधळा विश्वास टाकूच नये. अमेरिकेत लॅम्डा स्कूल आणि नंतर ब्लूमटेक या नावाने प्रसिद्ध झालेल्या ऑनलाइन बूटकॅम्पने आपल्या ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना सहा महिन्यांत नोकरी मिळते अशी जाहिरात केली होती. २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण यंत्रणेने कारवाई केली तेव्हा बाहेर आलं की कंपनीच्या आतल्या नोंदींमध्ये हा आकडा ५० टक्क्यांच्या आसपास होता, काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देणं त्यात निषिद्ध आहे. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर त्याची संमती घ्यावी लागते आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता हेही सांगावं लागतं. फ्लेक्सवरचे पासपोर्ट फोटो बघताना हा नियम लक्षात ठेवावा. आणि काउन्सेलरला विचारावं: गेल्या बॅचला किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण शेवटपर्यंत टिकले, किती जणांना नोकरी लागली, कुठल्या पदावर, किती पगारावर? ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे बहुधा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेल्या लिंक्स. कॉल सेंटरमधली नोकरीही काही ठिकाणी ‘आयटी प्लेसमेंट’ म्हणून मोजतात. आणखी एक: ‘दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो’ असं सांगणारे लोक याच शहरात आहेत. त्या रस्त्याला जाऊ नये. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात, आणि खोटं अनुभवपत्र सापडलं की लागलेली नोकरी जाते, वर नाव खराब होतं.

पैशाचा हिशेब करताना जाहिरातीतला आकडा अपुरा असतो. खासगी कोर्सवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे पन्नास हजारांचे एकोणसाठ हजार झाले. ‘नो कॉस्ट ईएमआय’ सोपं वाटतं, पण पुष्कळदा ते एखाद्या वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. महिन्याभरात कोर्स आवडला नाही म्हणून सोडला तरी हप्ता थांबत नाही, कारण क्लासला पैसे आधीच पोचलेले असतात. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच एडटेक कंपन्यांच्या बाबतीत ऑटो-डेबिटपासून सावध राहायला सांगितलं होतं. बाहेरगावच्या विद्यार्थ्यासाठी तर फीपेक्षा मोठा खर्च पुण्यात राहण्याचा आहे. कॉट बेसिसवरची जागा, मेस, डिपॉझिट, पीएमपीचा पास धरून महिना दहा हजारांच्या आत भागवणं अवघड. मग लूप आणि फंक्शन शिकण्यासाठी पुण्यात खोली घ्यायची तरी कशाला? ती पायरी लातूरला घरी बसून होते. पुणे गाठावं ते कोड दाखवायची आणि मुलाखती द्यायची वेळ आल्यावर.

यावर ग्रामीण भागातला विद्यार्थी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की फुकटचं सगळं इंग्रजीत आहे, एनपीटीईएलचे प्राध्यापक वेगाने बोलतात, क्लासमधले सर निदान मराठीत तरी समजावतात. याला अर्धं उत्तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिनक्स, सी, जावा, पायथन, पीएचपी यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यांतले बरेच मराठी आवाजात ऐकायला मिळतात. एक धडा चालवायचा, थांबवायचा, स्वतः करून बघायचं, अशी त्यांची रचनाच आहे. काही धडे जुन्या आवृत्त्यांवर आहेत, पण पाया आवृत्तीबरोबर बदलत नाही. उरलेलं अर्धं उत्तर थोडं कडू आहे. प्रोग्रॅमिंगमध्ये एरर इंग्रजीत येतो, माहितीपुस्तिका इंग्रजीत असते, सहकाऱ्यांचे ईमेल इंग्रजीत असतात. मराठीत समजून घेणं उत्तम, पण इंग्रजी एरर शांतपणे शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते, आणि ती कुठल्याही सरांना तुमच्या वतीने लावता येत नाही.

अलीकडचा आक्षेप उलट बाजूने येतो: आता एआय सगळं लिहून देतं, मग कोर्स कशाला आणि शिकायचं तरी कशाला? तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवर झालेला एक गणिताचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. चॅटजीपीटीसारखं साधन हाताशी असताना मुलांनी सराव ४८ टक्क्यांनी चांगला केला. साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तीच मुलं, साधन कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणारं साधन ज्यांना दिलं होतं त्यांचं असं नुकसान जवळजवळ झालं नाही. यावरून वापराची रीत ठरवता येते. मेसच्या बिलाचा कोड एआयकडून लिहून घेऊ नये. आपण लिहावा आणि ‘यात कुठली शक्यता सुटली ते सांग, कोड देऊ नकोस’ असं विचारावं. चोवीस तास न कंटाळता कोड वाचणारा कुणीतरी अशा रीतीने जवळपास फुकट मिळतो. तो कधीकधी ठामपणे चुकीचं सांगतो, हे ध्यानात ठेवून. कोर्सवाल्यांच्या पोटावर खरा पाय यानेच दिला आहे, आणि त्यांच्या जाहिरातींत ‘जेन एआय’ हा शब्द एवढ्या घाईने का घुसला, हे त्यावरून कळतं.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर पदवी आणि कोर्सचं प्रमाणपत्र यांत गल्लत करू नये. अनेक मोठ्या कंपन्या फ्रेशर घेताना दहावी, बारावी, पदवीला ६० टक्के आणि शिक्षणात फार खंड नको अशी चाळणी लावतात. सत्तर हजारांच्या कोर्सने ती चाळणी हटत नाही. ज्यांचे गुण तिच्यात बसतात, त्यांना कंपनी स्वतः पगार देऊन महिनोन्‌महिने शिकवते, त्यामुळे कोर्सपेक्षा अ‍ॅप्टिट्यूड आणि एका भाषेची पक्की तयारी त्यांच्या जास्त कामाची. ज्यांचे गुण बसत नाहीत त्यांना लहान कंपन्यांकडे जावं लागतं, आणि तिथे प्रमाणपत्राची फाइल बघण्यापेक्षा ‘काय बनवलंय ते दाखव’ असं विचारण्याची पद्धत जास्त. मेसच्या हिशेबाचा चालू प्रोग्रॅम, जो खरोखर एखाद्या मेसमध्ये वापरला जातो, तो तिथे चार प्रमाणपत्रांना भारी पडतो. नोकरी करून रात्री शिकणाऱ्या तिशीतल्या माणसाचं गणित मात्र निराळं. त्याच्याकडे पैसे थोडेफार आहेत, वेळ नाही. शोधाशोध वाचवणारा क्रम आणि आठवड्याची मुदत त्याने बिनदिक्कत विकत घ्यावी, फक्त तुकडी लहान असावी. सातवी-आठवीतल्या मुलांसाठी हजारोंचे कोडिंग कोर्स घेणाऱ्या पालकांना एवढंच सांगणं, की स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा फुकट आहे.

एरवी मात्र रीत अशी ठेवावी: एक भाषा आणि एकच फुकटचा अभ्यासक्रम धरून दोन महिने रोज दीड-दोन तास बसावं, त्यातला निम्म्याहून अधिक वेळ रिकाम्या पडद्यासमोर. त्या अवधीत मेसच्या बिलाएवढं काहीतरी स्वतःच्या डोक्याने पुरं झालं, तर आपल्याला धाकाची गरज नाही. पैसे लागलेच तर तपासणाऱ्यासाठी खर्चावेत. दोन आठवड्यांतच सुटलं, तर दोष बुद्धीचा नाही, शिस्त बाहेरून लागेल एवढं कळलं. मग ठरलेल्या वेळेचा, हजेरीचा, परीक्षांचा कोर्स घ्यावा, रेकॉर्डेड कदापि नाही. आणि दोन महिने करून हे काम मनापासून आवडत नाही असं लक्षात आलं, तर लाखभर रुपये वाचले.

ज्यांनी पैसे आधीच भरलेत त्यांनी हळहळत बसण्यापेक्षा भरलेल्यातून वसुली करावी. व्हिडिओ दीडपट वेगाने बघून संपवण्याच्या फंदात न पडता प्रत्येक धड्यानंतर तोच प्रोग्रॅम न बघता, थोडा बदल करून लिहावा, आणि शंकासत्रात ‘एरर येतोय’ म्हणण्याऐवजी आपली अख्खी फाइल पुढे करून ‘हे तुम्ही कसं लिहिलं असतं?’ असं विचारावं. तुकडीतल्या दोघा-चौघांशी गट्टी करून एकमेकांचा कोड तपासावा. कोर्स संपल्यावर कामाला येतात ते बहुधा हेच लोक. जाहिरातीत सांगितलेलं वर्गात मिळत नसेल तर परतावा लेखी मागावा, आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार न्यावी. त्यासाठी पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं जपून ठेवावीत. काउन्सेलरने फोनवर काही शब्द दिला असेल, तर त्याच दिवशी ईमेल टाकून तो लेखी मागून घ्यावा.